पड टाकलेलं रान मोकळं नसतं



मागच्या महिन्यात दाव्यांची कागदं घेऊन आम्ही वाडीवाडीला फिरत होतो. एका वाडीत एका म्हातारीनं नामंजुरीचा कागद आमच्या पुढं धरला. कारण एका ओळीचं होतं : उपग्रहाच्या फोटोत जमीन पिकाखाली दिसत नाही. आम्ही वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "दिसंल कसं बाबा? ते साल पडीचं व्हतं. नागली झाली, वरई झाली, खुरासणी झाली. मंग रानाला इसावा नको का?"

त्या रात्री आम्ही बराच वेळ याच्यावर बोललो. म्हातारीनं जे एका वाक्यात सांगितलं ते आपल्या दाव्यांच्या फायलीत कुठंच लिहिलेलं नाही. आपण रान पड टाकतो ते पाण्यासाठी आणि मातीसाठी. पण सरकारी कागदावर पड म्हणजे रिकामी जमीन. आपली शेतीची अक्कलच आपल्या विरुद्धचा पुरावा झाली आहे. म्हणून या अंकात नागली-वरईबद्दल आणि पाण्याबद्दल लिहायचं ठरवलं. हा विषय शेतकी खात्याचा वाटेल, पण आमच्या मते तो जमिनीच्या हक्काचाच आहे.

पाऊस ढीगभर, पाणी घोटभर

आपलं डांगाण म्हणजे नगर जिल्ह्यातलं वेगळंच मुलूख. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण पावसाची वाटणी तीच राहिली. जिल्ह्याची सरासरी वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. घाटघर-रतनवाडीला मात्र पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पाच हजार मिलिमीटर म्हणजे एका एकरावर दोन कोटी लिटर पाणी. एवढं पाणी अंगावर घेऊनही फेब्रुवारी-मार्चात आपल्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर रांगेत बसतात.

असं का होतं? एक तर खाली कातळ आहे. काळ्या कातळावर मातीचा थर हात-दीड हात, काही ठिकाणी वीतभर. कातळ पाणी साठवत नाही. साठवायचं तर ते मातीनंच. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उताराची माती त्याला थांबवू शकली नाही तर तो तासाभरात ओढ्यात, ओढ्यातून प्रवरेत जातो.

दुसरं कारण माणसानं केलेलं. भंडारदऱ्याची भिंत १९२६ साली पुरी झाली. ११ टीएमसीचं धरण. त्याच्या खाली निळवंडे, सव्वाआठ टीएमसीचं. पाणी कालव्यानं खालच्या तालुक्यांत जातं. १९५० च्या सुमारास त्याच पाण्यावर प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि देशभर त्याचं नाव झालं. उसाला एका पिकाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. नागलीला चारशे-पाचशेत भागतं. खालच्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही, तोही घाम गाळतो. पण धरण ज्यांच्या जमिनी बुडवून झालं ते धरणाच्या वरच्या अंगाला राहतात आणि पाणी चढावर येत नाही. म्हणजे आपल्याला जे काही पाणी धरायचं ते उतारावरच्या मातीतच धरावं लागणार. आपल्या आज्या-पणज्यांनी हे ओळखलं होतं.

तीन वर्षं पीक, मग पड

वरकस रानाची रीत वडीलधाऱ्यांना सांगायची गरज नाही. पण आमच्या वयाच्या पोरांना ती पुरती माहीत नाही, आम्हालाही नव्हती, म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी नागली. पडीतलं गवत आणि पालापाचोळा कुजून माती भरलेली असते, ती ताकद नागली घेते. दुसऱ्या वर्षी वरई. तिला नागलीपेक्षाही कमी चालतं. तिसऱ्या वर्षी खुरासणी, की जमिनीत उरलंसुरलं असेल त्यावर ती पिवळी होऊन फुलते आणि घराला तेल देते. त्यानंतर पड. दोन वर्षं, तीन वर्षं, जमेल तसं. पडीत गवत वाढतं. गवताच्या मुळ्या माती बांधतात. मुळ्या कुजल्या की मातीत बारीक वाटा राहतात, त्या वाटांनी पाणी खाली मुरतं. डांगी जनावरं चरतात, शेण पडतं. त्या वर्षांत रानातून धान्य येत नाही, पण माती पाणी धरायला शिकते. मग पुन्हा नागली.

ही पड काढून दरवर्षी पीक घेतलं तर काय होतं ते आपल्या काही गावांत दिसतंय. चौथ्या-पाचव्या वर्षी मुरूम वर येतो. मुरमाला पाणी लागत नाही, पाऊस पडला की तो वाहूनच जातो. म्हणजे पडीचं साल हे आळसाचं साल नाही, पुढच्या पिकाची ती पहिली मशागत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपण काय पाहिलं

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. तालुक्याच्या गावी बॅनर लागले, नागलीचे लाडू वाटले, भाषणं झाली. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे ज्या वर्षी नागलीचं कौतुक चाललं होतं त्याच वर्षी निसर्गानं तिची परीक्षाही घेतली.

आम्ही ज्या वाड्यांत फिरलो तिथं खाचरातल्या भाताला भेगा पडल्या. विकतचं बी लावलेल्या भाताची पानं आधी पिवळी पडली. वर माळावरची नागली खुरटली, पण मेली नाही. पाऊस थांबला तशी ती थांबली आणि सप्टेंबरात सरी आल्या तशी पुन्हा उठली. उतारा दरवर्षीएवढा आला नाही, हे खरं सांगायला पाहिजे. पण कणगीत काहीतरी पडलं. ज्यांनी नागली सोडून दिली होती त्यांना दुकानाची वाट धरावी लागली.

नागलीला हे जमतं कसं? शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही, पुढं वाचून कळलं. नागली, वरई, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी एका गटातली पिकं. यांची पानं आपली बारीक तोंडं फार न उघडता हवा घेऊ शकतात, म्हणून पानातून पाणी कमी उडून जातं. भात आणि गहू त्या गटात येत नाहीत. शिवाय नागलीच्या मुळ्या झुपक्यानं पसरतात, वरच्या थरातला ओलावा खेचतात आणि मातीही धरून ठेवतात. नागली आफ्रिकेच्या डोंगरांतून हजारो वर्षांपूर्वी इकडं आली असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ती मुळातच डोंगरी माणसाचं धान्य आहे.

तिचा आणखी एक गुण दुष्काळात कामाला येतो. नागलीला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं परदेशातला लाल मिलो वाटला, ती भाकर वडीलधाऱ्यांना आजही आठवते. म्हातारी माणसं सांगतात की ज्यांच्या कणगीच्या तळाला जुनी नागली होती त्यांना खडी फोडायला थोडं उशिरा जावं लागलं. आणि अन्न म्हणूनही ती कमी नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात चुना असतो, तो हाडांना लागतो. तांदळात दहा-बाराच्या वर नाही. तरी लग्नात भात वाढला नाही तर आपलाच माणूस नाक मुरडतो आणि नागलीच्या भाकरीला गरिबाची भाकर म्हणतो.

आमच्याही चुका आहेत

नुसतं सरकारला बोलून आपलं रान हिरवं होणार नाही. काही गोष्टी आपल्या आपण कबूल करायला पाहिजेत.

वरकस रान नांगरलं की माती वाहते आणि धरणात गाळ भरतो, असं साहेब लोक म्हणतात. यात काहीच खरं नाही असं आम्ही म्हणणार नाही. उभ्या उतारावर, बांध न घालता, वरून खाली नांगर धरला तर माती जाणारच. आणि आता काही ठिकाणी तसं चाललंय. घाई झाली, माणसं कामाला नारायणगाव-जुन्नरला गेली, घरात बांध घालायला हात उरले नाहीत. काही जणांनी जमीन जाईल या भीतीनं पड टाकणंच सोडलं. "मोकळं दिसलं तर घेऊन जातील" म्हणून दरवर्षी काहीतरी पेरतात आणि रान मरतं. ही भीती खोटी नाही. पण तिच्यामुळं आपण आपलीच रीत मोडतोय.

राबाचंही तसंच. राबासाठी झाडं किती खांडायची याला पूर्वी गावाची मर्यादा होती. ती आता प्रत्येकाच्या मनावर गेली आहे. ती मर्यादा पुन्हा ग्रामसभेनं घालावी, बाहेरच्या कुणी येऊन घालायच्या आधी.

बियाणं ही तिसरी चूक. हळवी, निमगरवी, गरवी अशी नागली-भाताची बियाणी आपल्या घरात असायची. ज्या वर्षी पाऊस लवकर उठला त्या वर्षी हळवं बी घर वाचवायचं. विकतचं बी आलं आणि आपण जुनं बी कोंबड्यांना घातलं. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच जुनं बी जपलं, घरात बियाण्याची बँक केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. आम्ही बारावी शिकलो आणि आमच्या घरातलं बी हरवलं. याची आम्हाला लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे. सुधारित बियाण्याला आमचा विरोध नाही. आपल्याच जिल्ह्यात राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, त्यांच्या वाणांतून 'फुले नाचणी' आणि वरईची 'फुले एकादशी' आल्या आहेत. ज्याला लावायची त्यानं लावावी. पण घरचं बी संपवून नाही. स्वतःच्या पिकातलं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचा हक्क आपल्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आहे. कंपनीच्या नावाचं पाकीट करून तेवढं विकता येत नाही.

बाया आणखी एक खरं बोलल्या. वरई कांडायची कुणी? उखळात वरई कांडणं म्हणजे खांदे मोडतात. पुरुष माणसं सभेत वरईचे गुण सांगतात आणि कांडायला बायकोला बसवतात. वरई टिकवायची तर पाच-सात वाड्यांत मिळून एक भरडायची गिरणी पाहिजे. ही मागणी आपल्या यादीत आजपर्यंत नव्हती, ती घालायला पाहिजे.

ढगाखालचं पीक

आता पुन्हा त्या उपग्रहाच्या फोटोकडं येऊ.

आपलं पीक रानात कधी असतं? जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. त्यातले बहुतेक महिने डांगाणावर ढग बसलेले असतात. समोरचा कळसूबाईचा डोंगर आपल्याला दिसत नाही, तर आकाशातून आपली नागली काय दिसणार? स्वच्छ फोटो निघतो तो हिवाळ्या-उन्हाळ्यात. तेव्हा रान कापून मोकळं झालेलं असतं. त्यात ते साल पडीचं असलं तर संपलंच. मशीन खोटं बोलत नाही असं आम्हाला सांगितलं जातं. मशीन खोटं बोलत नसेल, पण ते कधी बघतं आणि काय बघतं हे विचारायला नको का?

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जमीन आदिवासीच्या ताब्यात आहे आणि पोटासाठी कसली जाते तिच्यावर त्याचा हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. कलम ४(६) मध्ये शब्द आहे 'प्रत्यक्ष ताब्यात'. 'दरवर्षी पिकाखाली' असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. पडीतलं रानही आपल्या ताब्यात असतं. तिथलं गवत कोण कापतं, तिथं गुरं कुणाची चरतात, पुढच्या सालाला राब कोण भाजणार, हे गावाला ठाऊक असतं.

२०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली. त्यात साफ सांगितलंय की उपग्रहाचा फोटो हा इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यायचा, त्यांच्या जागी घ्यायचा नाही. आणि इतर पुरावे कोणते? नियम १३ वाचा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. जमिनीत केलेली कायमची सुधारणा हाही पुरावा आहे, आणि त्यात सपाटीकरण, बांध आणि बंधारे यांची नावं घेतलेली आहेत.

हे दोनदा वाचा. ज्या बांधानं पाणी अडतं तोच बांध कायद्यात जमिनीचा पुरावा आहे. आजानं दगडावर दगड रचून घातलेली ताल ही सातबारा नसलेल्या माणसाची सही आहे. दावा भरताना आपण किती जणांनी ती मोजली, नकाशात दाखवली? आम्हीच भरलेल्या कितीतरी दाव्यांत ती नाही. ही चूक आमची, कार्यकर्त्यांची आहे, आणि ती आम्ही इथं मान्य करतो.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत आपली माणसं पायी चालली, तळपाय फाटले. तेव्हाही मोठी मागणी हीच होती की दावे नीट तपासा, कसतोय तेवढी जमीन नावावर करा. एकर कसणाऱ्याला गुंठ्यात पट्टा मिळाला ही तक्रार आजही संपलेली नाही. पडीचं रान सोडून नुसतं पिकाखालचं मोजलं की हेच होतं. ज्याला पाच एकराची फेरपालट लागते त्याला दीड एकर दिलं तर तो पड टाकणार कशावर? मग दीड एकर दरवर्षी नांगरणार, माती जाणार, आणि पुन्हा तेच म्हणणार की आदिवासी माती वाहू देतात.

मृगाआधी काय करायचं

आमचं मत असं आहे की येत्या मृगाआधी प्रत्येक गावानं एवढी कामं करावीत.

१. ज्यांचे दावे पडीमुळं किंवा फोटोमुळं नामंजूर झाले त्यांची यादी वनहक्क समितीनं करावी. नामंजुरी कारणासह दावेदाराच्या हातात मिळाली पाहिजे आणि मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. कागद मिळालेली तारीख मागच्या बाजूला लिहून ठेवा.

२. प्रत्येक दाव्याला रानाचा इतिहास जोडा. कोणत्या साली नागली, कोणत्या साली वरई, खुरासणी, कधी पड. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कधी झालं हे आठवतं. त्यावरून साल काढता येतं. जबाब शेजाऱ्याचा घ्या, घरच्याचा नको.

३. जुन्या ताली आणि बांध मोजा. लांबी, उंची लिहा, नकाशात दाखवा. फुटलेल्या ताली याच उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून नीट करा. एकेका घराला झेपणार नाही, इर्जिक घाला.

४. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली लहान तळी, पावसाचं पाणी अडवायची कामं, छोटे पाट यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते. एका हेक्टरला ७५ पेक्षा जास्त झाडं मात्र जाता कामा नयेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. त्याच्या हद्दीतल्या गावांना "इथं काहीच करता येत नाही" असं तोंडी सांगितलं जातं. तोंडी नको, लेखी मागा. झऱ्याच्या वरच्या अंगाला काम कुठं पाहिजे ते बायांना विचारून ठरवा.

५. घरटी एक मूठ बी. जुनं जे असेल ते गावात एका जागी गाडग्यात राखेत ठेवा, कुणाचं आणि कोणतं ते लिहा.

६. नागलीचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,२९० रुपये जाहीर झाला. भाव कागदावर आहे, पण खरेदी केंद्र हाकेच्या अंतरावर नसेल तर व्यापारी म्हणेल तोच भाव. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत वरई नाहीच. दोन्ही गोष्टींवर ठराव करा. रेशनच्या कायद्यात भरडधान्याला जागा आहे, तर डांगाणातल्या रेशनवर डांगाणातली नागली का नाही, हेही विचारा.

शेवटी एवढंच. या मातीतल्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या काळात सावकार खतावर अंगठा घेऊन जमीन घ्यायचा. आता फोटोत पीक दिसत नाही म्हणून जमीन जाते. कागद बदलला. माणूस तोच आहे आणि रानही तेच आहे.

म्हातारीचा कागद आम्ही आणलाय. तिच्या रानात दगडाच्या चार ताली आहेत, त्यातल्या दोन तिच्या सासऱ्यानं घातलेल्या. आम्ही त्या टेप लावून मोजल्या. तिचं अपील तयार आहे, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब झाले आहेत. यंदा तिचं रान नागलीचं आहे. तिनं बी काढून ठेवलंय. तुमच्या वाडीतल्या ताली मोजायला टेप नसेल तर आमच्याकडं आहे, निरोप धाडा.

जोहार!